पाय कुणाकडे करायचा

प्लास्टर कापून झालं तरी न्वे नीनं पायाकडे पाहिलं नाही. ती खिडकीबाहेर बघत राहिली. पाहिलं ते आम्ही दोघांनी, मी आणि माझी बायको दॉ ओन ची हिनं. पावसाळा संपता संपता मामाच्या मोटरसायकलवरून पडेपर्यंत आमच्या नातीचे हे पाय दिवसभर चिंदविनच्या काठावर धावत असत. आता त्यातला एक शेवग्याच्या शेंगेसारखा दिसत होता. मधला गुडघा तेवढा मोठा, आणि तो वाकतच नव्हता.

डॉक्टरीणबाई यांगोनहून नुकत्याच मोन्यवाला आलेल्या, तरुण, भरभर बोलणाऱ्या. "हाड छान जुळलंय," त्या म्हणाल्या. "माझं काम झालं. आता तुमचं."

"आमचं?" मी विचारलं.

"हिला आता औषध नाही, हालचाल पाहिजे. आधी गुडघा वाकवायचा. पलंगावर बसून पाय सरळ उचलायचा, थोडा धरायचा, मग वाकवायचा. दुखेल, तरी रोज. मग चालायचं. मग खेळायचं. या वयाच्या पोरांनी रोज तासभर तरी पळलं पाहिजे, उड्या मारल्या पाहिजेत. हाडं त्यानंच भरतात." मग त्यांनी आवाज खाली आणला. "हा हिवाळा वाया घालवू नका, गुरुजी. वाया गेला तर पाय बारीकच राहील, आणि लंगडणं कायमचं होऊन बसेल."

आम्ही दोघांनी पुन्हा त्या पायाकडे पाहिलं. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "घरात चालतं-फिरतं कोण?"

"मी चुलीपासून विहिरीपर्यंत असतेच दिवसभर," दॉ ओन ची म्हणाली. "आणि हे? हे पान उलटायला बोट हलवतात."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "मग गुरुजी, तुम्हीही सुरुवात करा. रोज अर्धा तास भरभर चालायचं. दम लागला पाहिजे, पण बोलता आलं पाहिजे, इतपत. ते तुमच्या हृदयासाठी. आणि हिच्यासाठीसुद्धा. मूल आपलं ऐकत नाही, आपल्याकडे बघतं."

मी आयुष्यभर गावच्या ग्रंथालयात बसून काम केलं, गुरुजी म्हणतात ते त्यामुळेच. माझ्याकडे बघून कोणी काही शिकेल असं मला कधी वाटलं नव्हतं. त्या वाक्याची मला भीतीच वाटली.

न्वे नीचे आईबाप थायलंडला मासळीच्या कारखान्यात कामाला. पोर आमच्यावर सोपवून गेलेले. त्यांना फोनवर काय सांगायचं या विचारानं मी पहिल्याच सकाळी टोपी घालून काठावर चालायला निघालो. न्वे नीला पायरीवर बसवलं, तिला दिसेल अशा बेतानं काठावरच्या वडापर्यंत गेलो आणि परत आलो. धाप लागली होती. ती माझ्याकडे बघत होती खरी.

"दमलात, फोफो," ती म्हणाली. फोफो म्हणजे आजोबा. "बसा इथं." आणि माझ्यासाठी पायरीवरची धूळ हातानं झटकली.

ती भिंत धरून चार पावलं टाकायची, ती फक्त मोरीपर्यंत. पलंगावरचे व्यायाम तर ती करायलाच तयार नव्हती. पाय उचल म्हटलं की ती पांघरूण ओढून घ्यायची. भर दुपारीसुद्धा तो पाय पांघरुणाखाली असायचा.

"दुखतं का गं?"

"नाही."

"मग उचल ना बाळा."

"नको, फोफो."

दॉ ओन चीनं ताडगुळाचे खडे दाखवले, मग दटावलं, मग स्वतः पाय धरून उचलायला गेली. पोर इतकी कळवळून रडली की शेजारच्या बाया आल्या. त्यानंतर आम्ही हात लावला नाही. घाबरलीये, आम्ही एकमेकांना म्हणालो. पडण्याची भीती बसली असेल. वेळ लागेल. आणि वेळच तर नव्हता.

सान मौं माझ्या वर्गातला. दातांचा डॉक्टर. गाव त्याला घाबरतं आणि त्याच्यावर हसतंही, कारण त्याचं पोट त्याच्या आधी दवाखान्यात शिरतं. रोज संध्याकाळी मठाच्या भिंतीलगत, चिंचेच्या झाडाखाली त्याचा चिनलोनचा फेरा असतो. वेताचा पोकळ चेंडू, सहाजण, त्यातले पाच गोल करून फिरतात, एकजण मध्ये. हात लावायचा नाही, चेंडू पायांनी, गुडघ्यांनी, खांद्यांनी वर ठेवायचा. एवढाच खेळ. मी त्या भिंतीजवळून ग्रंथालयात जाताना-येताना चाळीसएक वर्षं तो आवाज ऐकला होता, पण थांबून पाहिलं नव्हतं.

एका संध्याकाळी मी काठावरून परतत होतो आणि सान मौंनं हाक मारली. "ए न्यान! कुणाच्या मागे लागलायस का कुणी तुझ्या मागे लागलंय?"

"डॉक्टरांनी चालायला सांगितलंय."

"मग इकडे चाल. इथं कोणी उभं राहत नाही."

"मला येत नाही रे."

"येतं कुणाला? लुंगी वर घे."

मी इकडेतिकडे पाहिलं. चहाच्या दुकानात निम्मी गल्ली बसली होती. मला काचा मारता येत नव्हता, म्हणून सान मौंच्या मुलीनं, जी बँकेत कॅशियर आहे आणि त्याच फेऱ्यात खेळते, मान वळवली आणि तिच्या नवऱ्यानं येऊन माझी लुंगी पायांमधून ओढून मागे नीट खोचून दिली. माझे पाय लोकांनी पाहिलेले मला आठवत नाहीत. फार पांढरे होते.

चेंडू माझ्याकडे आला आणि पडला. पुन्हा आला, पुन्हा पडला. मी हसण्याची वाट पाहत होतो. चहाच्या दुकानातून हसले, पण फेऱ्यात कुणी हसलं नाही. कुणी चुकचुकलंही नाही. ज्याच्या पायाशी चेंडू घरंगळला त्यानं तो उचलला आणि पुन्हा सुरू केला, इतकंच. या खेळात समोर कुणी नसतं, हे मला तोवर खरंच माहीत नव्हतं. हरवायचं कुणालाच नसतं. बाकीची माणसं मिळून मधल्या एकाला चेंडू देत राहतात, त्याला सोपा जाईल असा, आणि मधला तो शक्य तितका अवघड करून परत देतो.

मग सान मौं मध्ये गेला.

हे मला नीट सांगता येईल की नाही कोण जाणे. तो गोल, घामेजलेला, माझ्याच वयाचा माणूस होता. मध्ये गेल्यावर त्याचं पोट तेवढंच होतं, पण त्याला वजन नव्हतं. चेंडू त्याच्या पाठीमागून खाली येत होता. त्यानं वळून पाहिलं नाही. टाच मागे उचलली आणि चेंडू टाचेवर येऊन क्षणभर बसल्यासारखा झाला, मग खांद्यावरून पुढे आला, त्यानं तो गुडघ्यावर घेतला, एकदम गिरकी घेतली आणि तळपायानं, अगदी तळपायानं, वर दिला. सगळं सावकाश. घाई चेंडूला होती, त्याला नव्हती. त्याच्या तोंडावर दात उपटताना असतो तसला भाव नव्हता. मी मठात ध्यानाला बसलेल्या भंतेंच्या चेहऱ्यावर कधीकधी पाहिलं आहे, तसं काहीतरी होतं.

हे शरीर मी पन्नास वर्षं ओळखत होतो. त्यात हे होतं?

मी रोज जाऊ लागलो. आधी नातीसाठी जात होतो, मग मला वाटतं स्वतःसाठीच. पहाटे पोटऱ्या ठणकायच्या. दॉ ओन ची मोहरीचं तेल चोळता चोळता म्हणायची, "म्हातारपणी फुटबॉलपटू मिळाला मला. आधी कुठं होता?" पण जिना चढताना मधल्या पायरीवर थांबायची माझी सवय केव्हा गेली ते मला कळलं नाही. एकदा, एकदाच, चेंडू माझ्या पावलाच्या आतल्या बाजूला बसला आणि ठक् असा आवाज होऊन सरळ वर गेला. तो आवाज माझ्या अंगातून झाला होता. घरी येईपर्यंत मी तो ऐकत होतो.

न्वे नीला मी पाठुंगळी घेऊन यायचो आणि मठाच्या पायरीवर बसवायचो. पाय पांघरुणाखाली. ती टाळ्या वाजवायची नाही, बोलायची नाही. पण एके दिवशी माझी नजर गेली. चेंडूच्या प्रत्येक ठोक्याला तिचा चांगला पाय पायरीवर आपोआप उचलला जात होता. आणि पांघरुणाखालीही, किंचित, काहीतरी हलत होतं. माझा चेंडू त्याच वेळी माझ्या डोक्यावर पडला.

"न्यान, डोकं वाचायला ठेव," सान मौं ओरडला.

मी ऐकत नव्हतो. तो पाय मेलेला नव्हता. तो सगळं ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी मी सान मौंकडून जुना चेंडू मागून आणला. अंगणात न्वे नीला खांबाला धरून उभं केलं, मी समोर दोन पावलांवर उभा राहिलो आणि चेंडू हळूच तिच्या चांगल्या पायाशी टाकला. "दे माझ्याकडे," मी म्हणालो. "चुकला तरी चालेल. तिथं कुणी रागावत नाही."

तिनं चेंडूकडे पाहिलं. पाय उचलला. मग माझ्याकडे पाहिलं आणि पाय खाली ठेवला.

"दे ना."

"फोफो, तुम्ही तिकडे व्हा."

"का गं?"

"तुमच्याकडे पाय कसा करू?"

मी हसलो. मला वाटलं, ही लहानपणापासूनची शिकवण. मोठ्यांकडे, देव्हाऱ्याकडे, पुस्तकाकडे पाय करायचा नाही. रांगतानाच दॉ ओन चीनं तिचे पाय धरून वळवलेले. "खेळात चालतं," मी म्हणालो. "सान मौंची मुलगी बापाकडे चेंडू देतेच की."

"त्यांनी क्षमा मागितलेली असते," ती म्हणाली. "थदिंजुतला सगळ्यांनी मागितली. मीच नाही मागितली."

थदिंजुतच्या दिव्यांच्या पौर्णिमेला लहानांनी मोठ्यांपुढे गुडघे टेकून, तीनदा डोकं जमिनीला लावून वर्षभराच्या चुकांची क्षमा मागायची असते. न्वे नी त्या दिवशी मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये होती. आम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालो होतो, राहू दे. आणि विसरून गेलो होतो.

"तुला वाकताच येत नव्हतं बाळा," मी म्हणालो.

"मी तर तेव्हाही तुमच्याकडे पाय करूनच पडले होते." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "रोज. तुम्ही वाचून दाखवायचात तेव्हा. पुस्तकाकडेसुद्धा. उशीवर उंच करून." मग तिनं जे सांगितलं ते खाली बघून सांगितलं. "म्हणून तर तो वाळला, फोफो."

मी तिच्या पलंगाच्या पायथ्याशी बसायचो, कारण तिथं खिडकीचा उजेड होता. प्लास्टरमधला पाय डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे उशीवर ठेवलेला असायचा. त्याचा तळवा सरळ माझ्या तोंडाकडे. मी दुपार दुपार वाचून दाखवत बसायचो, तिचा वेळ जावा म्हणून. ती तेव्हा काय भोगत होती? आणि पलंगावर बसून पाय सरळ उचल असं आम्ही रोज सांगत होतो, तेव्हा समोर कधी मी होतो, कधी देव्हारा, कधी माझं पुस्तकांचं कपाट. पोरीला दुखण्याची भीती नव्हती. पडण्याचीही नव्हती. एवढंसं मूल, त्यानं एवढं मोठं पाप एकट्यानं पांघरुणाखाली झाकून ठेवलं होतं.

"तसं काही नसतं गं," मी म्हणालो. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की हे तिला पटलेलं नाही. तसं असतं, असं तिला आम्हीच सांगितलं होतं.

दॉ ओन ची स्वयंपाकघराच्या दारात केव्हापासून उभी होती कोण जाणे. ती हात पुसत बाहेर आली. तिनं मला बाजूला सारलं.

"क्षमा राहिलीये ना तुझी? मग माग. उशीर झाला म्हणून काय झालं?"

"फ्वाफ्वा, मला वाकता येत नाही," ती आजीला म्हणाली.

"येईल तेव्हा माग. आम्ही कुठे पळून चाललोय? तुझ्या फोफोंना तर पळताच येत नाही."

न्वे नी विचारात पडली. "तोपर्यंत पाय कुणाकडे करू?"

दॉ ओन चीनं घरभर नजर फिरवली. पूर्वेला देव्हारा, इकडे कपाट, तिकडे आमच्या चटया. मग तिनं पलंगाची एक बाजू धरली. "अहो, बघताय काय, धरा." आम्ही दोघांनी पलंग ओढून फिरवला. "आता समोर काय आहे?"

"मोरी," न्वे नी म्हणाली.

"मोरीला चालतं."

पोर हसली. कित्येक दिवसांनी.

त्या दिवसापासून तिनं जे केलं ते मी पाहिलं आहे. औषधासाठी जे केलं नाही, ताडगुळासाठी केलं नाही, ते ती क्षमेसाठी करू लागली. सकाळी गालांना तनाखाच्या सालीचा लेप लावून झाला की पलंगावर बसायची, मोरीकडे तोंड करून, पांघरूण बाजूला काढून. पाय उचलायची. तो थरथरायचा. मग दोन्ही हातांनी मांडीखाली धरून गुडघा वाकवायची, आणि वरच्या ओठावर घामाचे थेंब उभे राहायचे. ओरडायची नाही. "थांब आता," मी म्हणायचो. "अजून टेकत नाहीये," ती म्हणायची. तिला डॉक्टरांचा गुडघा नको होता. तिला जमिनीला टेकणारा गुडघा हवा होता.

मी तिच्यामागे बसून बघायचो. आमच्या धर्माची पुस्तकं मी पुष्कळ वाचली. निश्चय म्हणजे काय यावर त्यांत पानंच्या पानं आहेत. पण मला वाटतं, तो मी पहिल्यांदा त्या पाठीत पाहिला. चिमुकली पाठ, सदऱ्याखाली मणके दिसणारी.

डॉक्टरीणबाई तपासायला आल्या तेव्हा त्यांनी गुडघा वाकवून पाहिला आणि माझ्याकडे वळल्या. "काय केलंत गुरुजी?"

"मी काही नाही. पलंग फिरवला."

त्यांना वाटलं मी थट्टा करतोय.

हिवाळ्याच्या शेवटी, तबोद्वे महिन्याच्या पौर्णिमेला मठात चिकट भाताचा मोठा घाट असतो. पहाटेपासून कढया चढतात, तीळ, शेंगदाणे, खोबरं, आलं, आणि वल्ह्याएवढ्या उलथन्यांनी दोन-दोन माणसं तो ढवळत राहतात. त्या वर्षी मीही एका कढईला उभा राहिलो, दंड भरून येईपर्यंत. घरी आलो तर न्वे नी नवीन लुंगी नेसून देव्हाऱ्यापुढे चटई घालत होती.

"फोफो, बसा. फ्वाफ्वाला बोलवा."

आम्ही दोघं शेजारी बसलो. ती आमच्यासमोर आली. खांबाला हात लावला, मग काढला. आधी चांगला गुडघा टेकला. मग दुसरा खाली येऊ लागला. तो मध्येच अडला. मी हात पुढे करणार, तोच दॉ ओन चीनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की नखं रुतली. पोरीनं डोळे मिटले, श्वास घेतला, आणि गुडघा जमिनीला टेकला. तो टेकल्याचा आवाज आला.

तिनं हात जोडले. कायेनं, वाचेनं, मनानं माझ्याकडून जे चुकलं असेल त्याची क्षमा करा. तीनदा डोकं जमिनीला लावलं. तिसऱ्यांदा ती तशीच राहिली, जरा जास्त वेळ.

आशीर्वाद मी द्यायचा असतो. पाठ आहे मला. पण मी तिच्या टेकलेल्या गुडघ्याकडेच बघत राहिलो. शेवटी दॉ ओन चीनंच दिला. तुझं आयुष्य मोठं होवो, तुझे पाय तुला हवं तिथं नेवोत. हे दुसरं त्या पाठात नाही. ते तिचं.

न्वे नी उठली. उठताना कशालाही धरलं नाही. तिला ते समजलं नव्हतं. ती चटई गुंडाळू लागली, गुंडाळून कोपऱ्यात ठेवायला चालत गेली, किंचित लंगडत, भिंतीपासून लांब. दॉ ओन चीनं तोंडावर बोट ठेवलं. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो, जणू समोर पाखरू उतरलं आहे आणि श्वास घेतला तर उडेल.

संध्याकाळी ती माझ्या पाठुंगळी बसायला तयार नव्हती. मठापर्यंत चालत आली. वेळ लागला. फेरा सुरू झालेला होता. ती कडेला उभी राहिली, पायरीवर बसली नाही. सान मौंनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि चेंडू हातात घेऊन थांबला.

"उभी राहिलीस का गं? इथं कोणी उभं राहत नाही. चाल."

त्याची मुलगी बाजूला सरकली. तेवढ्या जागेत न्वे नी शिरली.

मग जे झालं ते कुणी ठरवलं नव्हतं. फेरा फिरू लागला, आणि तो सावकाश फिरू लागला. दाताचा डॉक्टर, बँकेतली बाई, तिचा नवरा, चहावाला, मी. सगळ्यांची पावलं तिच्या पावलाएवढी झाली. ती पाय टाकायची, जरा थांबायची, दुसरा ओढून घ्यायची. आम्हीही. एक पाऊल, जरा थांबणं, दुसरं पाऊल. कुणी एकमेकांकडे पाहत नव्हतं. चिंचेखाली संध्याकाळचं ऊन होतं आणि सहा-सात मोठी माणसं एका मुलीच्या लंगड्या पायाच्या तालावर गोल फिरत होती, आणि त्या तालात कुठेही लंगडेपणा राहिला नव्हता.

चेंडू तिच्याकडे गेला. तिनं तो बारीक पायावर उभं राहून, चांगल्या पायानं घेतला. बारीक पाय हलला, डुलला, पण त्यानं तिला धरलं. चेंडू वर आला, वाकडा, नेमका माझ्याकडे.

मी तिच्याकडेच बघत होतो.

"फोफो!" न्वे नी ओरडली. "माझ्याकडे काय बघताय? पाय उचला!"